मढ्याच्या नाकावरची माशी

भिंगार, १२ मार्च १९७२

शी, अजून मळमळतंय. यांनी हट्टानं छावणीतल्या टॉकीजला इंग्रजी सिनेमाला नेलं. मढी थडग्यांतून उठतात आणि माणसं खातात, एवढीच गोष्ट. माणसाची म्हणून खरीखुरी बोकडाची आतडी चघळत होती मेली. त्यात एका मढ्याच्या नाकावर माशी बसली, तर त्यानं चक्क हातानं हाकलली.

"अगं, मेलेला माणूस माशा हाकलतोय बघ," म्हणत हे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. त्या माशीत एवढं काय होतं? लढाईवरून आल्यापासून घरात धड बोललेसुद्धा नव्हते.

मला जेवण गेलंच नाही. भांडी आवरताना मीच विचारलं, "उद्या परत जायचं?"

"तुला किळस येते ना?"

"येते. मी डोळे मिटून बसेन."