केळीच्या आत झोपलेला रोग

बाबा,

तुम्हा दोघांच्या पायांवर डोकं ठेवते. मी मजेत आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवते.

प्रयोगशाळेत मी बाटल्यांत वाढवलेल्या केळीच्या रोपांवर पिवळे पट्टे उमटले. "तुझ्याच हातून रोग शिरला," म्हणत साहेबांनी माझा पासपोर्ट कपाटात ठेवला. मग ही रोपं ज्याच्या तुकड्यांपासून केली, ते मूळ झाड मी तपासलं. ते धडधाकट होतं, पण विषाणू त्याच्या जनुकांतच पिढ्यानपिढ्या झोपलेला होता. बाटलीत वाढताना रोपांवर आलेल्या ताणाने तो जागा झाला.

अहवाल वाचून साहेब म्हणाले, "तुझी चूक नाही. पण हे बाहेर गेलं तर विकलेली रोपंही परत घ्यावी लागतील. तू इथेच थांब." अहवालही कपाटात गेला.

आईचा गुडघा कसा आहे? तिला सांगा, लेक निर्दोष ठरली. कधी येणार, ते मात्र तिला विचारू देऊ नका.

तुमची,
धाकटी