बोटीवाले आबा बुडाले नाहीत

शिरूर, गुरुवार

तीर्थरूप सोपानमामांना भाचा सुदर्शन याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तरी वाकलोय). मामींचा दमा आणि तुमची साखर आटोक्यात असतील असं समजून चालतो. हे फोनवरच सांगितलं असतं. पण तुमचा फोन आजी उचलते आणि स्पीकरवर टाकते. म्हणून पत्र, तेही तुमच्या सोसायटीच्या ऑफिसच्या पत्त्यावर. वाचून घरी नेऊ नका.

तुम्ही मला बोटीवाल्या आबांचा, म्हणजे आजीच्या वडिलांचा, नौदलातला दाखला आणायला सांगितलंत. त्यांच्या गावच्या कमानीवर ‘दुसऱ्या महायुद्धात समुद्रात वीरमरण’ असं कोरायचं, तर कागद हवा. मी मुंबईला गेलो. खिडकीतल्या बाईंनी सर्व्हिस नंबर विचारला. मी म्हणालो, “मॅडम, आमच्यात माणसाला नाव असतं, नंबर गाईला असतो.” त्या हसल्या नाहीत. मग पत्रव्यवहार, आधार कार्ड (माझं, आबांचं कुठून आणू?), वंशावळ. शेवटी उत्तर आलं. पहिल्यांदा आबांच्याच नावाच्या एका आचारी जयसिंगाचं. तो जातीनं, गावानं, कशानंच आपला नव्हता, तरी दोन दिवस मी त्याचा अभिमान बाळगला. नंतर आपल्या जयसिंगाचं आलं.

मामा, जरा बसून घ्या. आबा बोटीच्या बॉयलरला कोळसा घालायचे. ती बोट बुडाली हे खरं, गावाला तेवढंच कळलं. पण त्याआधीच आबांची दुसऱ्या बोटीवर बदली झाली होती. लढाई संपल्यावर त्यांना सोडलं आणि रेल्वेचा पास दिला, दौंडपर्यंतचा.

मी दौंड गाठलं. स्टेशनाबाहेर रेल्वेचे पेन्शनर बसतात, त्यांना विचारलं. तिघांनी तीन जयसिंग सांगितले आणि आपापसात भांडायला लागले. त्यातल्या एकानं वैतागून मला प्रतिभाताई म्हणून कुणाच्या दारात नेऊन सोडलं. दार उघडणाऱ्या बाईंचा चेहरा पाहून मी गार पडलो. आपल्या आजीचं नाक, आजीची हनुवटी.

प्रतिभाताई म्हणजे आबांची नात. दौंडला आबांनी दुसरा संसार केला, मामा. इंजिनावर फायरमन होते, कोळसाच घालत होते. भिंतीवर नौदलाच्या टोपीतला फोटो, त्याला चंदनाचा हार.

“गावाकडं कधीच गेले न्हाईत?” मी विचारलं.

“गेलते की. लढाईवरनं आल्या आल्या. वेशीबाहेर एक मेंढपाळ भेटला. त्यानं सांगितलं, जयसिंगाचं दहावं झालं, कावळा बी लगेच शिवला. बायको पोरीला घेऊन माहेरी गेली. मग तिथूनच माघारी फिरले. म्हणायचे, कावळ्याला खोटं कसं पाडायचं?”

मी म्हणालो, त्यांची मुलगी याच लाइनीवर यवतला दिली आहे, स्टेशनच्या मागं. ताई खाली बघत म्हणाल्या, “ठाऊक होतं त्यास्नी. कुणीतरी सांगितलेलं. यवत आलं की तोंडाला फडकं बांधायचे. डायवर इचारायचा, तर म्हणायचे, धूर लागतोय.”

मामा, आजी लग्न होऊन आली तेव्हापासून त्याच रुळांपलीकडच्या विहिरीवर पाणी भरायची ना? किती वेळा गाडीकडं बघितलं असेल तिनं. ताईंनी जेवायला वाढलं. त्या पिठलं चांगलं करतात.

मामींना नमस्कार. पोरांना आशीर्वाद.

आपला,
सुदर्शन

ता. क. कमानीच्या दगडावर ‘वीरमरण’ कागदाआधीच कोरून झालं आहे. गवंडी बाळासो विचारतात, काय खोडू आणि काय ठेवू? ते तुम्ही बघा. खरं काम वेगळंच आहे. प्रतिभाताईंना आपल्या आत्याला एकदा डोळ्यांनी बघायचंय. मी भरात येऊन ‘या’ म्हणालो. रविवारी सकाळच्या गाडीनं त्या यवतला उतरतील. त्याआधी आजीला तुम्ही सांगा. माझी जीभ रेटत नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तोच आजीचा फोन आला. “घावला का रं माझा बा?” मी घाबरून म्हणालो, जुनी कागदं सापडत नाहीत, पण बुडालेच असणार. तर म्हणाली, “व्हय रं, बुडालेच असतील. न्हाईतर मला बघाया आले नसते व्हय?” मी व्हय म्हणालो. तेव्हा मामा, वरचं राहू द्या. आजीला काही सांगू नका. रविवारी स्टेशनवर जाऊन प्रतिभाताईंना तेवढं माघारी पाठवा.