नळी मीच धुतो

आई, तुला आणि बाबांना नमस्कार.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. बाबांचं पोट पुन्हा दुखलं का?

इथं इस्पितळात मी तोंडातून पोटात घालायच्या तपासणीच्या नळ्या धुतो; एकाची झाली की धुऊन तीच दुसऱ्याला. काल बाबांसारखेच एक आजोबा आले. पित्ताशयात खडे, पण हृदय कमजोर, म्हणून ऑपरेशन नको. डॉक्टरांनी तोंडातून नळी घालून पित्ताला आतल्या आत वाट करून दिली. पोटावर एक टाका नाही. खडे कुठं जातात, पित्त कुठं जातं, मी विचारतच राहिलो. सिस्टर म्हणाली, "आधी नळी धू, मग डॉक्टर हो."

बाबांचे कागद पाठव. जमेलच असं नाही, पण बघतो म्हणालेत डॉक्टर.

बाबा दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणीसुद्धा पीत नाहीत, ठाऊक आहे. त्यांना सांग, नळी मीच धुणार आहे.

तुझा चौकस पोरगा