नळीचं इंजिन

प्रिय ठमे,

लग्न झालेल्या, ऑफिसात चार माणसांना कामाला लावणाऱ्या बाईला ठमी म्हणू नये, असं तू मला मागेच बजावलं आहेस. पण दुसरं काही लिहायला हात वळत नाही, तेव्हा चालवून घे. फोन सोडून पत्र कशाला, असंही वाटेल. फोनवर हे सांगायला घेतलं असतं तर तू दुसऱ्याच वाक्याला ‘बाबा, तू जेवलास का?’ म्हणून विचारलं असतंस आणि गाडी भलतीकडे गेली असती. पत्राला मध्येच तोडता येत नाही. निवांत बस आणि शेवटपर्यंत वाच.

आधी बातमी सांगतो. मी इंजिन बनवलं. पल्सजेट म्हणतात त्याला. मी ज्यांच्या हाताखाली सायलेन्सर बनवायला शिकलो ते मिस्त्री त्याला नुसतं नळीचं इंजिन म्हणायचे, कारण त्यात नळीशिवाय काही नाहीच. पिस्टन नाही, पंखा नाही, फिरणारं एक चाक नाही. पुढे आखूड नळी, मध्ये फुगीर पोट, मागे लांबलचक शेपटी, आणि सगळं मिळून केसांच्या आकड्यासारखं वळवलेलं. पोटात गॅस आणि हवा पेटते, जाळ धक्क्याने बाहेर पडतो, आत पोकळी होते, ती पोकळी पुन्हा हवा ओढून घेते, आणि ती हवा आतल्या धगीनेच पुन्हा पेटते. पापणी लवेपर्यंत असं कितीतरी वेळा. मिस्त्री म्हणायचे, हे एकच इंजिन आपल्यासारखं श्वास घेतं. तेव्हापासून ते माझ्या डोक्यात होतं. तुझ्या आईला मी दरवर्षी म्हणायचो, यंदा बनवतोच. ती कापडावरून मान वर न करता म्हणायची, ‘लोकांच्या गाड्यांची तोंडं बंद करण्यात जन्म गेला तुमचा, आणि आता स्वतः बोंबलायचं इंजिन बनवताय?’ मग मी हसायचो आणि राहून जायचं.

या वर्षी राहून गेलं नाही. त्याचं कारण तुला सांगितलेलं नाही, ते आता सांगतो.

आई गेली, तू तेरावं होईपर्यंत थांबून परत गेलीस, आणि त्यानंतर लवकरच एका संध्याकाळी मी दुकानाचं शटर ओढून अंगणातल्या नळावर हात धूत होतो. मागच्या खोलीत तिचं पायमशीन चाललं होतं. मी साबण चोळत राहिलो. अगं, इतक्या वर्षांचा तो आवाज, माझ्या कानाला तो आवाज वाटतच नव्हता. घरात घड्याळ असतं तसा तो असायचा. हात पुसून झाले तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि टॉवेल हातातच राहिला. तिची पद्धत तुला आठवत असेल. भरभर, भरभर, शिवण संपत आली की जरा थबकायचं, मग दोन टाके अगदी सावकाश, आणि पुन्हा भरभर. अगदी तसंच. मी दारापर्यंत गेलो आणि आवाज थांबला. आत मशीनवर आच्छादन होतं, खुर्ची आत सरकवलेली होती, सगळं तू आवरून गेली होतीस तसंच.

दुसऱ्या संध्याकाळीही आला. मी मशीनचा चामडी पट्टा काढून खिळ्याला लटकवला. पट्ट्याशिवाय चाक फिरणार कसं? तरी आला. दाराशी गेलं की थांबायचा, पाठ फिरवली की पुन्हा सुरू. मला भीती वाटली असं म्हणणार नाही. भीतीपेक्षा वाईट एक गोष्ट व्हायची. तो आवाज आला की मी क्षणभर विसरायचो. ‘अगं, पुरे आता, उजेड गेलाय,’ एवढं तोंडापर्यंत यायचं. आणि मग सगळं पुन्हा पहिल्यापासून कळायचं. रोज संध्याकाळी ती माझ्यापुरती नव्याने जायची.

कानाच्या डॉक्टरकडे गेलो. चांगला माणूस. त्याने तपासलं, मग मला म्हणाला, ‘जन्मभर पत्र्यावर हातोडा मारलात, आता कान स्वतःच वाजतोय, आणि मन त्याला ओळखीचा आकार देतंय. दुसरा आवाज चालू ठेवा, हा मागे पडेल.’ मला पटलं. मी मोठा रेडिओ आणला. पण बातम्यांच्या खालून ते मशीन चालायचं, गाण्यांच्या खालून चालायचं. रेडिओ वाढवला की शेजारचे चष्मेवाले त्यांच्या दुकानातून भिंतीवर टकटक करायचे. तेव्हा मला मिस्त्रींचं इंजिन आठवलं. त्याच्यापेक्षा मोठा आवाज माणसाला घरच्या घरी करता येत नाही.

मग मी कामाला लागलो, आणि खोटं कशाला बोलू, कितीतरी दिवसांनी भूक लागली. स्टीलचा पत्रा गोल वळवून पोट केलं, शंकू कापून जोडले, शेपटी वाकवली. ते माझ्या हातचंच काम. पोटावर स्कूटरचा स्पार्क प्लग बसवला, आणि सुरुवातीला हवा ढकलायला दुकानातल्या कॉम्प्रेसरचा पाइप पुढच्या नळीच्या तोंडाशी धरला. पहिल्या दिवशी नुसतंच ढप्प. मग पुन्हा ढप्प. म्हाताऱ्याला खोकल्याची ढास लागावी तसं. चष्मेवाले कुंपणावरून डोकावून म्हणाले, ‘तुमच्या भोंग्याला सर्दी झालीय.’ त्यांना मी फक्त एवढंच सांगितलं होतं की जुनी हौस आहे. पुढची नळी लांब झाली होती. थोडी थोडी कापत गेलो, आणि दरवेळी बोटाने वाजवून बघत गेलो. एकदा कापली आणि ती पेटून सलग गरजली, पण जेमतेम, आणि विझली.

खरी डोकेदुखी गॅसची होती. घरच्या शेगडीचा रेग्युलेटर त्याला पुरत नव्हता. तो काढून डांबर तापवणाऱ्यांकडचा मोठा व्हॉल्व्ह बसवला. तरी इंजिन पकडायचं आणि दम लागल्यासारखं बसायचं. सिलिंडरला हात लावला तर बर्फ. बाहेरून पांढरी साय चढलेली. गॅस इतका झपाट्याने निघत होता की सिलिंडर आतून गारठून जात होता आणि दाब मरत होता. म्हणजे इंजिन ठीक होतं, त्याची उपासमार होत होती. मग तुझी आई कापड बेतण्याआधी ज्या टबात भिजत घालायची, तो टब काढला, त्यात कोमट पाणी भरलं आणि सिलिंडर त्यात उभा केला. जाळापासून दूर, विटांच्या भिंतीआड, लांब नळी टाकून. काळजी करू नकोस, एवढी अक्कल शाबूत आहे.

एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितली नव्हती. मी संध्याकाळी अंगणात पत्रा ठोकत असलो की मागच्या खोलीत मशीन चालायचं. मी हातोडा थांबवला की तेही थांबायचं. पुन्हा ठोकायला लागलो की पुन्हा सुरू. आम्ही दोघं काम करायचो तेव्हा असंच असायचं, आठवतं ना? माझं ठोकणं बंद झालं की ती आतून विचारायची, ‘लागलं का हाताला?’ आता विचारत कुणी नव्हतं. फक्त थांबायचं, कान दिल्यासारखं. मी मुद्दाम लवकर ठोकायला लागायचो.

गल्लीच्या सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी, सगळी दुकानं बंद असताना, ते पेटवायचं ठरवलं. चष्मेवाल्यांना बोलावलं, पाण्याची बादली आणि ओलं पोतं त्यांच्याजवळ दिलं. त्यांनी कानात कापसाचे हे मोठे बोळे घातले. मी घातले नाहीत. मला तर त्या आवाजानेच कान भरून हवे होते. हवा सोडली, ठिणगी दिली, व्हॉल्व्ह उघडला. दोन ढप्प झाले आणि मग त्याने पकडलं. ठमे, ते तुला लिहून सांगता येणार नाही. तो कानाने ऐकायचा आवाज नाहीच, तो छातीत होतो. खिडक्यांच्या काचा, पत्र्याचं छप्पर, माझे दात, सगळं एका सुरात थरथरत होतं. मी हवा बंद केली, ठिणगी बंद केली, तरी ते चालत राहिलं, स्वतःचा श्वास स्वतः घेत. शेपटी लाल झाली, मग नारिंगी. मिस्त्री असते तर माझ्या पाठीवर थाप पडली असती.

आणि मागच्या खोलीतून काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. ती गेल्यापासून पहिल्यांदा माझा कान रिकामा झाला. मी डोळे मिटून उभा राहिलो. किती हलकं वाटलं म्हणून सांगू. आणि मग एकदम वाटलं, आता ती खरंच नाही. मीच तिला हाकलली, एवढा जाळ आणि गोंगाट करून. मी धावत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला. इंजिन गप्प झालं. पण माझ्या कानात नुसतं सूं वाजत होतं, त्यापलीकडे जग बंद. मागच्या खोलीच्या दिशेने मी कितीही कान दिला तरी काही नाही.

चष्मेवाल्यांनी कापूस काढला. तेही मागच्या खोलीकडेच बघत होते. त्यांचे ओठ हलले, मला कळेना. त्यांनी जवळ येऊन माझ्या कानाशी तोंड लावून मोठ्याने सांगितलं, ‘एवढ्या गोंगाटातही वहिनी थांबल्या नाहीत.’

ते पायरीवर बसले, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. भिंगातून जे दिसतं तेवढंच मानणारा हा माणूस. त्यांच्या दुकानाची आणि त्या खोलीची भिंत एकच. मी शेजारी बसलो तेव्हा ते माझ्या कानाशीच मोठ्याने म्हणाले, वहिनी गेल्या त्याच आठवड्यापासून संध्याकाळी त्यांना ते मशीन ऐकू येतं. तेही आपल्याच मनाचे खेळ समजत होते. ‘तुम्हाला काय सांगणार? आधीच तुमचं घर रिकामं झालेलं. म्हणून गप्प बसलो.’ मी विचारलं, ‘मग रेडिओ लावला की भिंतीवर टकटक का करायचात?’ ते खाली बघत, पण मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, ‘तुमच्या रेडिओमुळे ते ऐकू येत नव्हतं.’

दुसऱ्या दिवशी माझे कान उघडले, आणि संध्याकाळी मशीन चालू झालं. मी उठलो नाही. अंगणात बसून राहिलो. भिंतीपलीकडे चष्मेवाल्यांनीही त्यांची खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. आम्ही त्याविषयी बोलत नाही. इंजिन मी पुसून दुकानात वर टांगलं आहे. गिऱ्हाईकं विचारतात, हा कुठल्या गाडीचा सायलेन्सर.

आता पत्र का लिहिलं ते. गेले कित्येक महिने तू प्रत्येक फोनवर म्हणतेस, आईचं मशीन मला पाठव, तिचं काहीतरी माझ्या घरात असू दे. आणि मी प्रत्येक वेळी काहीतरी सबब सांगतो: पेटी मिळत नाही, ट्रकवाला येत नाही. खरं कारण तुला आता कळलं. तुझा हक्क आहे, मी नाही म्हणणार नाही. काल सुताराकडून पेटी करून घेतली, पट्टा वेगळा गुंडाळून आत ठेवला, आणि परवा ते निघेल. पोचलं की खिडकीशी लाव, तिला डाव्या बाजूने उजेड लागायचा. एखाद्या संध्याकाळी ते आपोआप चाललं तर घाबरू नकोस, आणि दारात जाऊन बघू नकोस. लांबूनच ऐक, आणि मला कळव. नाही चाललं तरी कळव. मी इथे रिकाम्या खोलीबाहेर कान देऊन बसणार आहे, आणि ती तुझ्याकडे आली की माझ्याकडेच राहिली, हे तुझ्या उत्तराशिवाय मला कळायचं नाही.

तुझाच, म्हणजे तुम्हा दोघींचा,
बाबा