साहेबांनी दिलेली कंठी

गोंदिया,
दि. ६ जुलै २०२५

ती. स्व. बिसराम मामाजींस,
प्रफुलचा शि. सा. न. वि. वि. आणि साहेब बंदगी.

तुमचे कान आता फोनला दाद देत नाहीत असे खुशीने कळवले, म्हणून पत्र लिहितो. मला पत्रच बरे वाटते. फोनवर चुकीचा शब्द तोंडातून गेला तर तो खोडता येत नाही.

इकडे सर्व ठीक आहे असे लिहिणार होतो, पण तसे नाही. मंगळवारी आमच्या शोरूममध्ये पाण्याच्या मशीनवर एक नोटीस लागली. ती जशीच्या तशी उतरवतो: ‘विक्री कर्मचाऱ्यांचा गळा, मनगट व कपाळ मोकळे असावे. धार्मिक किंवा शोभेची कोणतीही वस्तू ग्राहकास दिसू नये.’ मूळ नोटिशीत ‘मोकडे’ छापले आहे, तेवढे मी दुरुस्त केले.

मामाजी, या दोन वाक्यांचा मेळ मला लागत नाही. गळा मोकळा असावा म्हटले तर आपल्या पंथाची तुळशीची कंठी काढायची. दिसू नये म्हटले तर झाकून ठेवायची. मी चार जणांना विचारले, चार उत्तरे मिळाली. कॅश काउंटरच्या टीना मॅडमच्या मंगळसूत्रावरूनच अर्धा तास गेला. ते धार्मिक आहे की शोभेचे, हे कोणालाच ठरवता येईना. मोबाईल काउंटरचा कैलाश कपाळावरचा टिळा फाटकाशी पुसतो आणि घरी जाताना त्याच फाटकाशी परत लावतो. डब्बी पार्किंगमधल्या गाडीच्या डिक्कीत ठेवतो.

आमच्या दुकानाचे मुख्य घनश्याम साहेब भले माणूस आहेत. त्यांनी मला टी-शर्टची दोन्ही बटने लावून वॉशिंग मशीनजवळ उभे राहायला सांगितले. तिथे लोक मशीनच्या आत वाकून पाहतात, विकणाऱ्याच्या गळ्याकडे पाहत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. पण वरचे बटनही कंठीच्या दोन बोटे खालीच येते. मी आरशात मोजले.

३१ ऑगस्टला माझे सहा महिने पूर्ण होतात. नंतर कायम करणार की नाही ते कळेल. आईने कामठ्याला गल्लीत सांगूनही टाकले की झालाच कायम. दोन वर्षांपूर्वी, बाबांना जाऊन वर्ष झाले म्हणून घरी चौका-आरतीचा विधी झाला, तेव्हा महंतसाहेबांनी आईच्या आणि माझ्या गळ्यात एकाच दिवशी कंठी बांधली, हे तुम्हाला माहीत आहेच. धागा तुटला तर नवी बांधेपर्यंत पाणी प्यायचे नाही, असे आई म्हणते. मग काढून खिशात ठेवली तर काय, हे मी तिला विचारलेले नाही.

तुम्ही तीस वर्षे एस.टी.त खाकी घालून कंडक्टरकी केली आणि कंठीही घातली. ते कसे जमवले, ते सविस्तर कळवावे. मामींना नमस्कार. आहे तेवढा लोभ तसाच ठेवावा, वाढला तर आनंदच.

आपला भाचा,
प्रफुल


अर्जुनी मोरगाव,
१४ जुलै

चि. प्रफुल यास बिसरामचे अनेक आशीर्वाद. साहेब बंदगी.

तुझे पत्र पोचले. खुशी म्हणाली ओरडून वाचून दाखवते. मी म्हटले, कान गेले माझे, डोळे नाही गेले.

इकडे धानाची रोवणी सुरू आहे. कामाला बाया मिळून नाही राहिल्या, म्हणून तुझी मामीच रोज चिखलाच्या बांधीत उतरून राहिली आणि संध्याकाळी कंबर धरून मला शिव्या देऊन राहिली. त्या ऐकू येत नाहीत, तेवढाच बहिरेपणाचा फायदा.

आता तुझे. एवढा कायले भेऊन राहिला? आरशात उभा राहून बोटांनी गळा मोजणारा विक्रेता मी आजवर ऐकला नाही. फ्रिज वीक, मशीन वीक, गळ्याचे गळा पाहून घेईल. माझ्या खाकीची वरची गुंडी मी लावत होतो, झाले. कोणी विचारले तर दोन शब्दांत सांगायचे आणि पुढच्या सीटवर तिकीट फाडायला जायचे. तीस वर्षांत मला कोणी काही बोलले नाही. तूही जास्त बोलू नको. तुझी अडचण ही आहे की तुला विचारतात एक आणि तू सांगतो सव्वा.

आईला यातले काही कळवू नको. माझी बहीण आहे, मी ओळखतो, ती जेवण सोडेल.

तब्येतीला जप आणि म्हाताऱ्या मामावर जीव लावून राहा.

बिसराम

ता. क. दादा, मी खुशी. पप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की तू फ्रिजच्या कारखान्यात साहेब आहेस. मी दुरुस्त करत नाही.


गोंदिया,
दि. २ ऑगस्ट २०२५

ती. स्व. मामाजींस,
शि. सा. न. वि. वि. साहेब बंदगी.

मी जास्त बोललो नाही. एकच वाक्य बोललो आणि त्यानेच सगळे बिघडले.

बुधवारी रायपूरहून विभागीय अधिकारी तपासणीला आले. वॉशिंग मशीनजवळ थांबले, मशीनमध्ये वाकले नाहीत, सरळ माझ्या गळ्याकडे पाहिले. हे कोणाच्या परवानगीने घातले, असे त्यांनी हिंदीत विचारले. आपल्या घरात कंठीबद्दल जे म्हणतात तेच तोंडातून आले, की साहब ने दी है. त्यांनी पुन्हा विचारले की कब से. मी म्हणालो, दो साल से साहब की मेहरबानी है.

त्यांनी ते डायरीत लिहून घेतले. मला वाटले, समजले. नंतर टीना मॅडमनी मला बाजूला घेऊन विचारले की मी शुद्धीवर आहे का. आपल्या पंथात साहेब म्हणजे परमेश्वर, पण दुकानात साहेब म्हणजे एकच, घनश्याम साहेब. आम्ही सगळे त्यांना त्याच नावाने हाक मारतो. अधिकाऱ्यांनी असा अर्थ घेतला की त्यांनी मला परवानगी दिली आणि नोटीस लावूनही ती चालू ठेवली. मला नोकरीला लागून दोन वर्षे झालीच नाहीत, हे कोणी पडताळले नाही.

काल घनश्याम साहेबांना पत्र आले. नियम मोडू दिल्याबद्दल आठ दिवसांत लेखी खुलासा द्या, नाहीतर बदली. त्यांची मुलगी इथे बारावीला आहे. ते माझ्यावर ओरडले नाहीत. फक्त मला नावाने हाक मारणे बंद केले. काम असले की कैलाशला सांगतात आणि कैलाश मला सांगतो.

आता मी लिहून द्यायला पाहिजे की तो साहेब वेगळा. पण तसे लिहिले म्हणजे नोटीस वाचूनही मी स्वतःच घालून राहिलो, असे सिद्ध होते. मग कायम होणे विसरावे लागेल. नाही लिहिले तर माझ्या शब्दाने त्यांची बदली. चार वेळा अर्ज लिहिला, चारही वेळा फाडला. ‘साहेब’ या शब्दाजवळ आलो की पेन थांबतो. आपला साहेब, महंतसाहेब, दुकानाचे साहेब, रायपूरचे साहेब. अर्ज वाचणाऱ्याला कोण कोणता हे कसे कळणार?

आणि एक विचार मनातून जात नाही. ती खरोखर कोणी दिली? मी तर त्या दिवशी आई रडत होती म्हणून तिच्या शेजारी जाऊन बसलो होतो.

लवकर उत्तर द्यावे. माया असू द्यावी, राग आला तर पत्रातच काढावा.

आपला,
प्रफुल


अर्जुनी मोरगाव,
५ ऑगस्ट

चि. प्रफुल यास आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचले. मामीला सांगितले तर ती म्हणाली पोराने गप्प बसावे, मोठ्या माणसांचे मोठी माणसे पाहून घेतात. शेजारचा मास्तर म्हणाला वकिलाला दाखवा. म्हणजे इथेही चार जणांची चार उत्तरे. त्यात माझे पाचवे.

पण आधी एक सांगतो, ते तुझ्या आईला ठाऊक नाही. मागच्या पत्रात मी लिहिले की तीस वर्षांत मला कोणी काही बोलले नाही. ते खोटे आहे. लागल्याच्या पहिल्याच साली साकोलीच्या रस्त्यावर तपासणीसाने बस थांबवली आणि गळ्यात काय बांधले म्हणून विचारले. नवीन नोकरी होती. मी म्हटले, खोकल्याची मुळी आहे, वैद्याने बांधली. तो हसला आणि उतरला. पण ड्रायव्हरने ऐकले. त्याने डेपोत सांगितले. मग तीस वर्षे मी डेपोत खोकल्याच्या मुळीचा कंडक्टर होतो. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा एकाने पत्ता मागितला, वैद्य कुठे बसतो म्हणून. मी दिला. खोटा.

माझ्या खोट्याने कोणाची बदली झाली नाही, एवढे माझे नशीब. तुझ्या खऱ्याने होऊन राहिली आहे. मी म्हणतो, लिहून टाक. माणूस मुलीला शिकवून राहिला आहे. नोकरीचे काय होईल ते मला सांगता येत नाही आणि कंठीचे काय करावे तेही नाही. मी कोणत्या तोंडाने सांगू.

जीव लावतोस तसाच लावत जा, उत्तर येवो न येवो.

बिसराम

ता. क. दादा, राखी पाठवली आहे. मनगट मोकळे पाहिजे असेल तर खिशात ठेव, पण ठेव. खुशी.


गोंदिया,
दि. ३१ ऑगस्ट २०२५

ती. स्व. मामाजींस,
शि. सा. न. वि. वि. साहेब बंदगी.

तुमचे पत्र आले त्याच दिवशी अर्ज दिला. त्यात लिहिले की आमच्या पंथात परमेश्वराला साहेब म्हणतात, मी त्याच अर्थाने बोललो, श्री. घनश्याम यांनी मला परवानगी दिलेली नाही आणि नोटीस मी वाचली होती. बटने लावायला त्यांनीच सांगितले होते, एवढे एक वाक्य मी गाळले. ते खोटे धरायचे का, माहीत नाही.

घनश्याम साहेब सुटले. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा दिला आणि म्हणाले की वीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कोणी देव समजले नव्हते, तेही रायपूरपर्यंत. पुन्हा नावाने हाक मारतात.

मग माझा नंबर आला. मुख्य कार्यालयाच्या रुची मॅडमनी एक फॉर्म पाठवला. त्यात दोन चौकोन. पहिला, ही वस्तू धर्माने अनिवार्य आहे. दुसरा, मी स्वेच्छेने घालतो. पहिला भरला आणि धर्मगुरूंचे पत्र जोडले तर सवलत मिळते, काउंटरवरही घालता येते आणि कायम होण्याला अडचण नाही. दुसरा भरला तर कंठी काढा, नाहीतर मागच्या गोदामात जा, आणि कायम करण्याचा विचार पुढे सहा महिन्यांनी. मी फोन करून विचारले की दोन्ही थोडे थोडे असेल तर कुठे लिहावे. मॅडम म्हणाल्या तशी सोय नाही.

आईपासून लपवणे मग शक्य नव्हते. तिने जेवण सोडले नाही. ऐकता ऐकताच चप्पल घातली आणि मला घेऊन महंतसाहेबांकडे निघाली. त्यांनी पत्र लिहून दिले. अक्षर सुंदर आहे, फक्त ‘अनीवार्य’ असे लिहिले आहे. आई बाहेर गेली तेव्हा ते हळूच मला म्हणाले की बेटा, कंठी कोणावर अनिवार्य नसते, कोणी जबरदस्तीने बांधली तर ती दोरी होते, पण तुझ्या आईने एवढ्या उन्हात येऊन मागितले म्हणून दिले.

ते पत्र चार दिवस शर्टाच्या खिशात ठेवले, खुशीच्या राखीसोबत. टीना मॅडम, कैलाश, स्वतः घनश्याम साहेब, सगळे म्हणाले की यात विचार काय करायचा, कागद आहे, जोड आणि मोकळा हो. मलाही वाटत होते की खरेच, यात विचार काय. पण पेन पहिल्या चौकोनाशी नेला की वाटायचे, मी परत कोणाचे तरी नाव सांगून राहिलो आहे.

काल दुपारी मी दुसरा चौकोन भरला. खूण बारीक आली, म्हणून पुन्हा गिरवली. हुशारी केली की मूर्खपणा, ते मला समजत नाही. दोन चौकोनांच्या फॉर्मवर सहा महिन्यांची मेहनत सोडून देणारा माणूस मला दुसरा कोणी भेटला असता तर मी त्याला वेडा म्हणालो असतो.

उद्यापासून गोदामात. तिथे टी-शर्ट लागत नाही. घनश्याम साहेबांनी पंखा लावून दिला आहे.

महंतसाहेबांचे पत्र त्यांना परत द्यायचे म्हणून आज घरी गेलो. आईने ते उलटून पालटून पाहिले, न जोडलेले. मग विचारले की स्वेच्छेने म्हणून लिहायला तुला कोणी सांगितले. मी म्हणालो, कोणी नाही.

मामींच्या कमरेला आराम असावा. पत्र पाठवत राहावे, तुमच्या अक्षराची सवय झाली आहे.

आपला भाचा,
प्रफुल