म्हशीचंच रक्त, म्हशीच्याच सडात

६ जानेवारी

सगळ्या औषधांपुढे एकच शब्द — 'निकामी'! वाटलं, रिपोर्ट दुसऱ्याच जनावराचा आला. सायलीला अंबाजोगाईला फोन लावला. माझी व्हेटर्नरी कॉलेजातली मैत्रीण, तिच्याच लॅबमध्ये दूध तपासलेलं. म्हणाली, "प्रियदर्शनी, मी दोनदा लावून पाहिलं. हा जंतू कशालाच दाद देत नाही."

म्हैस सुंदरबाईंची, हिरा. व्यायली आणि आठवड्यात मागचा उजवा सड दगड झाला. दुधाऐवजी पिवळ्या गाठी. मी रोज पाटोद्याहून वस्तीवर जाऊन इंजेक्शन देतेय, सडात ट्यूब सोडतेय — सगळं पाण्यात!

७ जानेवारी

सुंदरबाईंचा थोरला, बजरंग, गोठ्याच्या दारातच उभा. "मॅडम, स्पष्ट सांगा. न्हाईतर बाजारात काढतो तिला."

आतून सुंदरबाई कडाडल्या, "माझ्या हिराला बाजार दावणार? मग मलाबी तिच्यासंगं बांध!"

घर तिच्याच दुधावर चालतं. दोघं माझ्याकडे बघत राहिले. मी दोन दिवस मागून घेतले.

९ जानेवारी

दोन दिवस नुसतं वाचतेय. प्लेटलेट्स! डेंग्यूत कमी झाल्या की घरदार घाबरतं, त्याच. मला वाटायचं रक्त गोठवलं की त्यांचं काम संपलं. त्या जंतूंशीही लढतात म्हणे! गाईंच्या कासेत प्लेटलेट्सचा अर्क सोडूनही पाहिलाय कुणी कुणी. कॉलेजात पाच वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं.

हिराच्या मानेच्या शिरेतून रक्त काढलं, बर्फात ठेवून एसटीने सायलीकडे पाठवलं. "आधी काचेत बघू, मग सडात," ती म्हणाली.

११ जानेवारी

सायलीचे फोटो आले. एका बशीत नुसते जंतू — दाट, सायीसारखे. दुसरीत तेच जंतू, पण वर हिराच्या रक्तातलं प्लेटलेट्सचं पिवळं पाणी घातलेलं — तुरळक ठिपके फक्त! मी खुर्चीतून उठलेच.

"सगळे मेले नाहीत गं. वाढ रोखलीय. परत उठतीलही. हुरळून जाऊ नकोस."

हुरळलेच.

१२ जानेवारी

गावातल्या लॅबवाल्याने यंत्रात रक्त फिरवून दिलं. तांबडं खाली, पिवळं वर. सुंदरबाई सिरिंजकडे बघून म्हणाल्या, "तिचंच रगत तिच्याच सडात? कावून पण?"

"तिच्या रक्तातच औषध आहे, मावशी. लागू पडेलच असं नाही."

"मग घाला. दुसरं हाय काय आपल्या हातात?"

१३ जानेवारी

फरक नाही. सड तसाच, ताप तसाच.

१४ जानेवारी

संक्रांत. दुसरा डोस. गाठी थोड्या कमी वाटल्या — की मलाच तसं वाटायला हवंय?

१७ जानेवारी

सड मऊ! विश्वासच बसेना. धार काढली — पांढरी, एक गाठ नाही. पुन्हा काढली. सुंदरबाईंनी ती तळहातावर घेतली आणि रडायलाच लागल्या. "लई उपकार झाले, बाई." मी शेणातच फतकल मारून बसले. बजरंग आत जाऊन चहा घेऊन आला.

१९ जानेवारी

दुधाचा नमुना साफ! सायली मात्र सायलीच. "एका म्हशीवरून काही ठरवू नकोस. आणि मला सांग, असला बेरड जंतू वस्तीवर आला कुठून? कासेला हात लावणाऱ्या सगळ्यांचे नमुने पाठव. हाताचे, नाकाचे. तुझेही."

बजरंग खो खो हसला. "रोग म्हशीला अन् तपासणी माझ्या नाकाची!"

२२ जानेवारी

सुंदरबाई साफ. बजरंग साफ. माझ्या नाकात तोच जंतू. तीच औषधं निकामी.

सायलीने हळूच विचारलं, "व्यायली तेव्हा कोण गेलं होतं?" मी. आत अडकलेली वार काढली, सड पिळून पाहिले — ह्याच हातांनी, हातमोजे न घालता.

आणि त्यानंतर मी किती गोठ्यांत गेलेय!

सुंदरबाईंना सांगायला निघालेय. तिथून पुढे प्रत्येक दारात.