नंदाखालच्या बावखलाचं सुशोभीकरण

१२ नोव्हेंबर २००२

निघाली! शेवटची जलपर्णी आज निघाली! पाच आठवडे आम्ही सात बायका गुडघाभर चिखलात — आणि आज बावखलाचं, आमच्या गावतळ्याचं, गोडं पाणी दिसलं. तासाभरात पाणकोंबडी हजर. लाल चोच, शेपटी उडवत, साऱ्या तळ्याची मालकीण! शेजारची आल्बिना म्हणाली, "बाय, लहानपनी पानी असंच होतं." आणि रडली. मीही. तोंडाला चिखल होता, कळलं नाही कुणाला.

१४ नोव्हेंबर

कासवं! दोन! काठावर उन्हाला बसलेली.

१९ नोव्हेंबर

रात्रीतून कुणीतरी काठाशी डंपरभर भराव टाकला. म्हणे खड्डाच आहे! तडक अर्ज लिहायला बसले — 'बावखल राखा'. पंचायतीचे सदस्य श्रीरंग म्हणाले, "मनोरमाबाई, 'राखा' लिहिलंत तर फाईल झोपेल. 'सुशोभीकरण' लिहा, धावेल." लिहिलं.

१० डिसेंबर

मंजूर! तीन आठवड्यांत मंजूर! आल्बिनाने वाडीतली केळी पाठवली, अख्खी फणी.

११ डिसेंबर

नकाशा पाहिला. चारी बाजूंनी काँक्रीटची उभी भिंत. तळाला लादी. मधोमध कारंजं, रंगीत दिवे! पाणकोंबडीचा काय नाच बसवायचाय?

"कासव वर कसं येणार?" विचारलं. पंचायतीतले बांधकामाचे साहेब म्हणाले, "कासवांसाठी वेगळा अर्ज द्या, मॅडम. हे तुम्हीच मागितलंय." माझाच कागद माझ्यापुढे धरला. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी वळण लावलेलं अक्षर — एक काना अस्पष्ट नाही!

आल्बिनाला सांगितलं. ती कपाळाला हात लावून, "लादी लावल्यावर विहिरीला पानी कुठनं झिरपनार? वाडी काय कारंज्यावर शिंपू?"

हे तिला आधी विचारायला हवं होतं. मी शब्द विचारला तो श्रीरंगला. मूर्ख बाई!

१५ डिसेंबर

भर सभेत उभी राहिले. "शब्द माझा. चुकीचा. मागे घेते." मी चूक कबूल करतेय याचीच लोकांना जास्त मजा.

श्रीरंग हसले. "बाई, मंजूर काम मागे जात नसतं."

आल्बिना ताडकन उठली. "मंग पुढं ने! आमच्या बावखलापासनं लांब ने कुठंतरी!"

काय हशा! काय टाळ्या! ठरावाला सगळे हात वर. मीसुद्धा टाळ्या पिटल्या, तळवे लाल होईपर्यंत. वाचलं!

१८ डिसेंबर

भराव उचलला. पाणकोंबड्या आता तीन!

२० डिसेंबर

काम रद्द नाही. गास गावच्या बावखलात हलवलंय, सोमवारी पंप लावून पाणी उपसणार. तिथे कुणालाच पत्ता नाही. अर्ज अजून माझाच जोडलेला आहे. आल्बिना आणि मी उद्या सकाळच्या पहिल्या एसटीने गासला निघतोय.